‘राजमान्य राजेश्री’ लिहिलंय म्हणजे आमचे पूर्वज सरदार होते का?

प्रश्न वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिचोली तालुक्यातल्या जुन्या घरात ट्रंकेत तीन कागद सापडलेत. पहिला मोडीतला, सावंतवाडीच्या एका सावकाराने पाठवलेला, त्यात यांच्या खापरपणजोबांना "अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजेश्री अमुक देसाई गोसावी यांसी" असं लिहिलंय. दुसरा पोर्तुगीज, त्यात पणजोबांच्या नावाआधी "इलुस्त्रिसिमु सिन्योर" आखूड करून लिहिलंय. तिसरा पण पोर्तुगीज, जमिनीचा, त्यात पणजीच्या नावाआधी "डी" हे एकच रोमी अक्षर आणि टिंब. आता घरात वंशावळीचं पुस्तक छापायचं चाललंय आणि चुलतभावाचं म्हणणं आहे की आपण उमराव होतो, "सरदार घराणं" असं लिहूया, इंग्रजी भागात "नोबल फॅमिली", आणि मुलाच्या लग्नपत्रिकेवर "श्रीमंत". शिवाय "डी" म्हणजे "दों" हा पोर्तुगीज मानाचा शब्द, म्हणजे पोर्तुगीज राजाने पण आपल्याला मानलं होतं. विचारणाऱ्याला यातलं कितपत खरं ते कळत नाहीये.

मी बरीच वर्षं लोकांचे असे कागद वाचून द्यायचं काम करतो, मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही, जास्त करून जमिनीच्या आणि देवस्थानच्या भांडणातले. त्यामुळे सांगतो की खरा प्रश्न "आम्ही मोठे होतो का" हा नाहीच. खरा प्रश्न आहे की कागदावरचा शब्द नेमका कुठल्या जातीचा आहे, म्हणजे तो हुद्दा आहे, की पत्राचा मायना आहे, की कुणी दिलेला किताब आहे, की जन्माने मिळालेला हक्क आहे. हे चार वेगळे आहेत आणि मराठी माणूस (आणि गोंयकार जरा जास्तच) चारही एकाच टोपलीत टाकतो. मोठेपणाचा शब्द दिसला की झालं, वाडा, घोडे, तलवार सगळं डोळ्यापुढे उभं राहतं.

मायन्यापासून सुरू करतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच. जुन्या मराठी पत्रव्यवहारात प्रत्येकाला काय लिहायचं ते ठरलेलं होतं. वडलांना तीर्थस्वरूप, मुलाला चिरंजीव, शास्त्रीबुवांना वेदशास्त्रसंपन्न, विधवा बाईंना गंगा भागीरथी, आणि गृहस्थ माणसाला राजमान्य राजेश्री. ज्याच्याकडे चार पैसे आहेत किंवा असावेत अशी आपली इच्छा आहे त्याला पुढे अखंडितलक्ष्मीअलंकृत. हे "रा. रा." करून अगदी विसाव्या शतकात छापील पत्रिकांवर, वर्तमानपत्रांत चालू होतं, मग "श्री." ने त्याची जागा घेतली. आता विचार करा, शाळामास्तर, कारकून, दुकानदार सगळेच रा. रा. होते, ते सगळे काय राजाला मान्य होते? राजाला यांची नावं पण माहीत नसणार. आणि "गोसावी" वाचून काही जण घाबरतात, आमचे पूर्वज बैरागी होते की काय, तसं काही नाही, "गोसावी यांसी" हा आदराने हाक मारायचा ठरलेला भाग आहे.

तुमच्या कागदात तर लिहिणारा सावकार आहे. सावकार ज्याच्याकडून येणं आहे त्याला लक्ष्मीने अलंकृतच म्हणणार ना. बँकेचं पत्र येतं तेव्हा पण वरती "आदरणीय ग्राहक" असतं, हप्ता किती थकला ते खाली असतं.

म्हणून मी मायना वाचून पुढे जातो आणि आधी पत्राचा शेवट बघतो. दर्जा तिथे कळतो. वरच्याने खालच्याला लिहिलेल्या हुकमाचा शेवट साधारण "जाणिजे" ने होतो, आणि अर्ज किंवा बरोबरीचं पत्र असेल तर "हे विनंती". सरकारी कागद असेल तर "मोर्तब सुद" असा शिक्का असतो. तसंच सुरुवातीला "नमस्कार" आहे की "आशीर्वाद" की "दंडवत" की "आज्ञा केली ऐसीजे" हे बघायचं. आणि नाव घेऊन "सेवेसी" लिहिलंय की "यांसी", "सेवेसी" म्हणजे लिहिणारा स्वतःला खाली धरतोय. एका माणसाला चार ठिकाणांहून आलेली चार पत्रं जवळ असली तर त्याची पायरी नीट दिसते: कोण त्याला "जाणिजे" म्हणतं आणि कोण "हे विनंती" म्हणतं त्याच्यामध्ये कुठेतरी तो उभा असतो. एका पत्रावरून मी कधी सांगत नाही, तुम्ही पण सांगू नका. तुम्ही लिहिलंय की सावकाराच्या पत्राच्या शेवटी "बहुत काय लिहिणे हे विनंती" आहे. म्हणजे पत्र सभ्यपणाचं आहे, बाकी त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

"श्रीमंत" चं वजन मात्र एकेकाळी खरं होतं. पेशव्यांना श्रीमंत म्हणत, संस्थानिकांना म्हणत, आणि पेशव्यांच्या काळातल्या कागदात नुसतं "श्रीमंतांनी" असं आलं की वाचणाऱ्याला कोण ते बरोबर कळायचं. नंतर तो शब्द पैसेवाल्या माणसापर्यंत येऊन पोचला. तुमच्या तिन्ही कागदांत तो कुठेच नाही हे पण लक्षात घ्या.

पोर्तुगीज बाजूला पण डिट्टो हीच भानगड आहे. "इलुस्त्रिसिमु सिन्योर" आणि "एश्सेलेंतिसिमु सिन्योर" हे त्यांचे रा. रा. समजा. एके काळी ते पण मोजून मापून दिले जायचे, १७३९ मध्ये राजा जुआंव पाचवा याने तर कायदाच काढला होता की कुणाला "व्होसा एश्सेलेंसिया" म्हणायचं आणि कुणाला "व्होसा सिन्योरिया", कारण जो तो स्वतःला वरचं म्हणवून घ्यायला लागला होता. कायदा काढावा लागला यातच सगळं आलं. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या गोव्यातल्या अर्जावर, नोटिशीवर, पाकिटावर ते दिसलं तर "श्रीमान" इतकंच समजायचं.

"दों" ची गोष्ट वेगळी, तो खरंच मोजक्यांना मिळायचा आणि म्हणूनच त्यावर लोकांचा डोळा असतो. उदाहरण आपल्या गोव्याचंच घ्या. पहिला व्हाइसरॉय दों फ्रांसिश्कु द आल्मैदा, याच्या नावामागे दों आहे. त्याच्या मागून आलेला आणि १५१० मध्ये गोवा जिंकणारा आफोंसु द आल्बुकेर्क, ज्याचं नाव शाळेतल्या पोरालाही माहीत, त्याच्यामागे दों नाही! आणि वाश्कु द गामाला तो जन्माने नव्हता, हिंदुस्थानची वाट शोधून परत गेल्यावर राजाने बक्षीस म्हणून दिला, आणि काउंट तर तो त्याच्या पुष्कळ नंतर, १५१९ मध्ये झाला. म्हणजे दों वेगळा, काउंट-व्हिश्कोंद (व्हायकाउंट) हे किताब वेगळे, गव्हर्नर-व्हाइसरॉय हे हुद्दे अजून वेगळे, एक असला की दुसरा असतोच असं नाही. बिशप-आर्चबिशप यांच्या नावाआधी पण दों लागतो, त्यामुळे चर्चच्या कागदात दों दिसला की आधी तो पाद्री लोकांपैकी आहे का ते बघायचं.

आता तुमचं "डी" आणि टिंब. ते बाईच्या नावाआधी आहे हे तुम्हीच लिहिलंय. "दों" आणि "दोना" दोन्हीचं आखूड रूप तेच, एक अक्षर. बाईच्या नावाआधी असेल तर ते दोना. आणि शेवटच्या शंभर-दीडशे वर्षांत पोर्तुगीजमध्ये दोना म्हणजे आपलं "सौ." किंवा "श्रीमती", लग्न झालेल्या, घरच्या, मान द्यायच्या कुठल्याही बाईला लागायचं. तेव्हा चुलतभावाचा हा मुद्दा निकालात निघाला, वाईट वाटून घेऊ नका. असा "डी" घेऊन "आम्ही दों" म्हणणारी घरं मी बार्देशात पण बघितलीत आणि साष्टीत पण, त्यात धर्माचा काही संबंध नाही, ख्रिश्चन असो हिंदू असो हौस सगळ्यांना सारखीच.

"फिदाल्गु" हा शब्द तुमच्या कागदात नाही पण कुणीतरी खाली विचारेलच म्हणून सांगतो. तो खरा जन्माचा शब्द, "कुणाचा तरी मुलगा" असा त्याचा मूळ अर्थ लावतात, म्हणजे बेवारशी नाही, घराण्याचा. पण त्याचाही सरकारी रजिस्टर होता, राजाच्या घरात नाव नोंदलेलं असायचं, मोसु फिदाल्गु, फिदाल्गु काव्हालैरु अशा पायऱ्या होत्या आणि त्याप्रमाणे तनखा. नोंद असेल तर फिदाल्गु, नसेल तर मग घरचे म्हणतात तेवढंच.

किताबांबद्दल. गोव्यात पोर्तुगीज राजाचा खानदानी किताब मिळालेलं सगळ्यांना माहीत असलेलं हिंदू घराणं म्हणजे पेडण्याचे देशप्रभू, पेडण्याचे व्हिश्कोंद. हा खरा किताब, राजाने दिलेला, सनद असलेला. किताबाची खूण हीच: कुणी दिला, कधी दिला, कागद कुठे, या तिन्हीची उत्तरं मिळतात. आणि लिस्बनला राजेशाही गेल्यावर १५ ऑक्टोबर १९१० च्या हुकमाने हे सगळे किताब रद्द झाले, त्याच्यानंतर जे म्हणत राहिले ते लोकांच्या तोंडातलं. ज्यांचे आजोबा मुंबईत नोकरीला होते त्यांच्या घरी कधी कधी "रावसाहेब" किंवा "रावबहादूर" सापडतं, ते इंग्रज सरकारचे किताब, आणि त्यात रावबहादूर वरचा, रावसाहेब खालचा. पण सांभाळून, रावसाहेब हे घरातलं हाक मारायचं नाव पण असू शकतं, आमच्या शेजारी एक रावसाहेब होते ज्यांना इंग्रजाने कधी बघितलेलं पण नव्हतं.

आता मूळ मुद्दा, देसाई. तुमच्याकडे खरी धरून ठेवण्यासारखी गोष्ट हीच आहे आणि घरात तिच्याकडेच कुणी बघत नाहीये, सगळे राजमान्य आणि दों च्या मागे. देसाई हा हुद्दा. परगण्याचा किंवा महालाचा वसूल जमवायचा, रयत आणि सरकार यांच्यामध्ये उभं राहायचं, लागवड सुरू ठेवायची, वेळ पडली तर माणसं घेऊन जायचं, आणि त्याबदल्यात वतन म्हणजे जमीन, हक्क, मानपान. देशावर देशमुख म्हणतात तेच साधारण काम. त्याच्यावर सरदेसाई. हिशेब लिहिणारे ते नाडकर्णी, गावचा हिशेब कुळकर्णी. हे वंशपरंपरेने चालायचं म्हणून लोकांना ते जन्माचं वाटतं, पण वतन विकलं जायचं, गहाण पडायचं, भावाभावांत वाटलं जायचं, अर्धी देसकी एका घरात आणि अर्धी दुसऱ्या घरात असं पण असायचं. जी गोष्ट गहाण ठेवता येते तिला मी तरी रक्त म्हणणार नाही.

आणि सगळे देसाई सारखे नव्हते. डिचोली, सत्तरी, पेडणे हा भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीकडून पोर्तुगीजांकडे गेला, फोंडा आणि खालचे महाल सौंद्याच्या राजाकडून (त्यांचा वाडा अजून बांदिवड्याला आहे). या नव्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या भागांत, जुने हक्क बऱ्याच अंशी तसेच ठेवले गेले, कारण देसाई-राणे लोकांना सांभाळून घेतल्याशिवाय तिथे राज्य चालत नव्हतं. सत्तरीच्या राण्यांनी हक्कांना हात लागला की काय होतं ते वेळोवेळी दाखवलं, दीपाजी राणे १८५२ मध्ये उठले, दादा राणे १८९५ मध्ये. राण्यांचं काम तलवारीचं पण होतं, त्यांना सरदार म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण एखाद्या चार गावांच्या देसायाला सरदार म्हणायचं असेल तर फौज, सरंजाम, नेमणूक यातलं काहीतरी कागदावर दाखवा. बार्देश, तिसवाडी, साष्टी या जुन्या काबिजादींचं सगळं गणितच वेगळं, तिथे देसाई नाही, तिथे गांवकार.

गांवकार हा शब्द मला सगळ्यात मजेशीर वाटतो, कारण जन्माने मिळतो असा पक्का शब्द गोव्याच्या कागदांत बघायचा तर तो हाच. गांवकारी म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणारी संस्था, नंतरची कोमुनिदाद, तिचे गांवकार म्हणजे गाव बसवणाऱ्यांचे पुरुष वंशज, नाव रजिस्टरात, वर्षाला जण म्हणजे उत्पन्नातला वाटा मिळणार. विकत घेऊन गांवकार होता येत नाही. १५२६ मध्ये आफोंसु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने जो फोराल, म्हणजे गावच्या रिवाजांची सनद, लिहून काढला त्यात या गांवकारांचे हक्क आहेत आणि मानपानाचे नियम पण आहेत, कामाची सुरुवात आधी कुणी करायची, विडा आधी कुणाला. पण असा शंभर टक्के जन्माचा हक्क असलेला माणूस गरीब असू शकतो, होता आणि आहे! जण म्हणून हातात येतात त्यात जत्रेचा खर्च पण निघत नाही पुष्कळ ठिकाणी. देवळाच्या महाजनांचं तसंच. बाहेर महाजन म्हणजे सावकार, आपल्याकडे देवस्थानचा वंशपरंपरेचा हक्कदार, १९३३ च्या देवस्थान नियमाखाली त्यांच्या याद्या आहेत आणि त्यांवरून आजही कोर्टात केसी चालतात, माझं निम्मं काम तेच.

म्हणजे बघा, जो शब्द ऐकायला भारी (राजमान्य) तो कुणालाही लागायचा, आणि जो शब्द ऐकायला साधा (गांवकार, महाजन) त्याला खरा जन्माचा पुरावा लागतो. तुमच्या चुलतभावाला खानदान सिद्ध करायचंय ना, तर त्याला सांगा की सरदार शोधत बसू नको, तुमच्या देवळाच्या महाजनांच्या यादीत कुणाचं नाव कुठल्या क्रमांकावर आहे ते बघ.

भाटकार या शब्दाचं एका ओळीत, तो किताब पण नाही आणि हुद्दा पण नाही, ज्याचं भाट (बागायतीची जमीन) तो भाटकार, आज घेतलं तर आज. पण त्याची दुसरी बाजू कागदात दिसते ती जरूर बघा. तुमच्या पोर्तुगीज जमिनीच्या कागदात पणजीला दोना आहे, आणि त्याच जमिनीवर राहणाऱ्या मुंडकारांची नावं असतील तर ती बहुतेक नुसती पहिली नावं असणार, ना आडनाव ना मायना. मी वाचलेल्या कागदांत असंच असतं. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आल्यावर तीच माणसं पूर्ण नावाने कागदावर आली. वंशावळीत तुमच्या घराचा मानपान लिहिणार असाल तर ती नावं पण वाचून घ्या, गावात त्यांचे वंशज असतील आणि पुस्तक ते पण वाचणार.

तर पुस्तकात काय लिहायचं. मी असं लिहीन: "अमुक महालाचे देसाई, इतक्या सालच्या कागदात उल्लेख." बस. महालाचं नाव आणि साल, एवढ्याने वाचणाऱ्याला कळतं आणि कुणी खोडू शकत नाही. मायना जसाच्या तसा छापायचा असेल तर पत्राचा फोटो छापा, खाली पूर्ण वाचन द्या, शेवटचं "हे विनंती" पण द्या, अर्धं कापून देऊ नका. इंग्रजीत "नोबल" किंवा "लॉर्ड" नको. लॉर्ड म्हटलं की इंग्लंडातला माणूस डोळ्यापुढे येतो आणि देसाई तसा नव्हता, सरळ "देसाई" ठेवा आणि तळटीपेत "परगण्याचा वंशपरंपरागत वसुली अधिकारी" याचं इंग्रजी द्या. "सरदार" फक्त तेव्हा जेव्हा नेमणुकीचा किंवा सरंजामाचा कागद हातात असेल. "उमराव" नकोच, तो दरबारातल्या अमिरांचा शब्द आहे, डिचोलीला दरबार नव्हता. "घरंदाज", "खानदानी" हे लिहायला हरकत नाही, ते मत आहे, प्रत्येकाला आपल्या घराबद्दल असू शकतं.

लग्नपत्रिकेवर "श्रीमंत" लिहिलं तर कायद्याने काही होतं का असंही विचारलंय. नाही होत. घटनेच्या १८ व्या कलमाने सरकारला किताब देता येत नाहीत, १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पद्म पुरस्कार किंवा भारतरत्न सुद्धा नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत, पण तुम्ही घरी छापलेल्या पत्रिकेवर स्वतःला काय म्हणता त्याला कुणी विचारणार नाही. गाव हसेल तेवढंच, आणि डिचोलीची माणसं तोंडावर हसतात.

पुढे शोधायचं असेल तर पणजीतल्या पुराभिलेख खात्यात जा, १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतुने ज्याचा कारभार हातात घेतला तेच दफ्तर आहे ते, जुने कागद भरपूर. जाताना गावाचं जुनं नाव, पोर्तुगीज स्पेलिंगमधलं आडनाव (देसाई तिथे दोन एस घालून असतो, शेणवी असाल तर "सिनाय" शोधा) आणि अंदाजे साल एवढं लिहून न्या, नुसतं "आमच्या घराण्याचं काय आहे का" विचारलं तर तिथला माणूस काहीही करू शकत नाही. त्याआधी कोमुनिदादीच्या आणि देवस्थानच्या कारभाऱ्यांना भेटा, ते जवळ आहेत आणि तिथे लवकर सापडतं.

आणि ट्रंकेतले ते तीन कागद लॅमिनेट करू नका, कृपा करून. कुणीतरी कॉमेंटमध्ये सल्ला दिलाय तो ऐकू नका, प्लास्टिकच्या आत जुना कागद गेला की तो नीट बाहेर काढता येत नाही. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात फ्लॅश न लावता दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागच्या कोऱ्या दिसणाऱ्या बाजूचा पण, मोडी पत्राची तारीख आणि पोचल्याची नोंद बऱ्याचदा मागेच असते. तुम्ही टाकलेल्या फोटोत सावकाराच्या पत्राची मागची बाजू नाहीये, ती टाका, मग साल सांगतो.